भिंतीचा ठोका

"हा प्लंबर आहे का वैद्य?" मामंजींनी मला विचारलं, पण मल्लाप्पाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "भिंतीची नाडी बघतोय जणू."

मल्लाप्पा आमच्या झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभा होता. डोळे मिटलेले, खांद्यावर टॉवेल, गुडघ्यांवर पांढरी पडलेली खाकी पँट. पायाशी गोणपाटाची पिशवी होती, तिच्यात हत्यारं. येऊन दहा मिनिटं झाली तरी त्यानं पिशवीला हात लावला नव्हता.

"बाई, ओट्यावरचा नळ सोडा," तो डोळे न उघडता म्हणाला. "आणि एका झटक्यात बंद करा."

मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, धार भरात आली आणि नळाची कांडी फाडकन आडवी केली.

धाड्!

आवाज ओट्याखालून निघाला आणि भिंतीभिंतीनं झोपायच्या खोलीकडे धावत गेला. शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या. दारात तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाईंचा हात छातीशी गेला. आणि भिंतीला टेकलेल्या लोखंडी पलंगावर पडलेला माझा समर दचकला. दोन्ही मुठी उघडल्या, हात हवेत फेकले, खालचा ओठ बाहेर आला.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या. मल्लाप्पाला नव्हे, मला. "बघितलंस? दचकला की नाही? आणि म्हणं ऐकू येत नाही लेकराला. असलं बोलणाऱ्याची जीभ झडावी."

मी समरला उचलून खांद्यावर घेतलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. समर तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि येत्या रविवारी त्याची उष्टावण होती. माझा भाऊ कागलहून येणार, त्याच्या मांडीवर बसून समर पहिली खीर खाणार, चाळीस पाहुणे जेवणार. पाहुण्यांसमोर भिंत असली वाजायला लागली तर मामंजींची शोभा जाणार, म्हणून मल्लाप्पाला बोलावणं गेलं होतं. जयसिंगपुरात प्लंबर पुष्कळ होते. पण पाइप ओरडत असला की मल्लाप्पालाच बोलवा, असं शेजारच्या मगदूमकाकू म्हणाल्या होत्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामंजी एका साखर कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते. वाफेच्या लायनी, पंप, टर्बाइन यांतलं त्यांना सगळं कळायचं आणि उरलेल्या जगाला काहीच कळत नाही हेही कळायचं. डॉक्टर म्हणजे औषधाच्या दुकानाचा एजंट. इंजिनियर म्हणजे पुस्तकातला किडा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा संग्राम, इचलकरंजीला सूतगिरणीत नोकरीला, तर तो म्हणजे 'आमचं साहेब'. आणि मी म्हणजे 'कॉलेजात शिकलेली'. हे दोन शब्द ते असे उच्चारायचे, की मला पदवी परत करून यावीशी वाटायची. आमच्या घरात चहात साखर मोजून पडायची. तुच्छता मात्र न मागता, कपाबाहेर सांडेपर्यंत मिळायची.

मीही काही कमी नव्हते. तोंडानं बोलत नव्हते इतकंच. मामंजी बोलत असताना मी मान खाली घालून भाजी चिरायचे आणि मनात त्यांचा पार भुगा करायचे.

तो आवाजही त्यांनीच घरात आणला होता. समरच्या जन्माआधी दोन महिने त्यांनी गच्चीवरच्या टाकीला प्रेशरचा पंप बसवून घेतला आणि घरातले जुने, फिरवून फिरवून बंद करायचे नळ काढून सगळीकडं कांडीचे नळ लावले. बोटानं ढकललं की बंद. पाहुण्यांना ते एकेक नळ लावून दाखवायचे. आठवड्याभरात भिंत बोलायला लागली.

"हवा अडकलीय," मामंजींनी निदान केलं होतं. मग तीनदा सगळी लाइन रिकामी झाली आणि तीनदा भरली. मला आठ महिन्यांच्या पोटानिशी ओट्याजवळ उभं करून ते गच्चीवरून ओरडायचे, "सोड! बंद कर! परत सोड!" आवाज आणखी वाढला. तेव्हा त्यांनी दुसरं निदान केलं. "हिचा हात जड आहे. नळ असा बंद करते जसा बैल खुंट्याला बांधते."

समरचं निदान आत्याबाईंनी केलं होतं. तो तीन महिन्यांचा झाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं. मी त्याच्या मागून हाक मारली की तो वळायचा नाही. पुढून गेले की मात्र सगळं अंग हसायचं त्याचं, पायांच्या बोटांपर्यंत. खुळखुळा दिसला की हात पुढं करायचा. उशीमागं वाजवला की छताकडं बघत राहायचा. छातीशी घेऊन गुणगुणलं की गालच नव्हे तर कपाळसुद्धा माझ्या गळ्याला चिकटवायचा आणि तसाच झोपायचा. त्याच्या मानेला दुधाचा, पावडरीचा आणि उन्हात वाळलेल्या दुपट्याचा वास यायचा. तो वास घेत मी स्वतःला सांगायचे, काही नाही, तुझ्या डोक्यातलं खूळ आहे.

धीर करून मी बोलले तेव्हा आत्याबाई हसल्या होत्या. "संग्राम वर्षाचा होईस्तोवर कुणाकडं बघत नव्हता. शांत पोर आहे, त्यात दोष काढतीय बघा आई." संग्राम म्हणाला, "आईनं तीन पोरं वाढवलीत गं." आणि मामंजी म्हणाले, "भिंत वाजली की उडतंय पोरगं. माझ्यापेक्षा तिखट कान आहे त्याचा. कॉलेजात ह्येच शिकवलं का?"

 भिंत वाजली की तो खरंच उडायचा.

मल्लाप्पानं हात काढले. "दिवसातून किती वेळा वाजतंय?"

"पन्नास वेळा!" आत्याबाई म्हणाल्या. "भांडी घासताना वाजतंय, भाजी धुताना वाजतंय. परवा दुपारी तर काही काम नव्हतं, तरी चार वेळा वाजलं. मी म्हटलं, हिच्या अंगात आलंय काय!"

मल्लाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी समरचं लाळेरं सारखं केलं.

परवा दुपारी खरंच काही काम नव्हतं. आमच्या ओट्याजवळ उभं राहिलं की दारातून सरळ तो पलंग दिसायचा. समरला पलंगावर ठेवायचं, ओट्याशी यायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवायची आणि कांडी फाडकन आडवी करायची. धाड् झालं की तो दचकायचा आणि माझा श्वास सुटायचा. ऐकलं त्यानं. ऐकलं माझ्या बाळानं. मग धावत जाऊन उचलायचं, पापे घ्यायचे, उगी उगी म्हणायचं. पुढचा तासभर बरा जायचा. मग परत तो वळायचा नाही आणि परत मी ओट्याशी. तीन महिने मी पोटच्या पोराला दिवसातून दहा-दहा वेळा घाबरवत होते आणि त्यातून समाधान काढत होते.

तो पाळण्यात असला की मात्र कधी दचकायचा नाही. पाळण्यात झोप गाढ लागते, असं आत्याबाई म्हणायच्या. मला ते पटलं होतं. म्हणजे मी पटवून घेतलं होतं. आणि त्याला पाळण्यात ठेवणं हळूहळू बंद केलं होतं.

म्हणून मल्लाप्पा यायला नको होता मला. "रविवार झाल्यावर करू की," असं मी दोनदा म्हणून पाहिलं होतं. या घरात माझ्या बाजूनं बोलणारी ती एकच भिंत होती आणि आज तिचं तोंड बंद होणार होतं.

"साहेब," मल्लाप्पा मामंजींना म्हणाला, "हवा नाही. पंपामुळं पाणी लई जोरात पळत येतंय. कांडी झटक्यात आडवी केली की पळतं पाणी बंद दारावर आपटतंय. त्या धक्क्यानं पाइप हलतोय. मागच्या भिंतीवर पाइप धरून ठेवणारे क्लॅम्प सैल झालेत, म्हणून पाइप भिंतीला मारतोय."

"वॉटर हॅमर," मामंजी खुर्चीतून म्हणाले. "मला शिकवतोस? मी तेच म्हणत होतो. वॉटर हॅमर म्हणतात त्याला. येतं का इंग्रजी?"

"नाही येत, साहेब."

"मग?"

"थांबवायला येतंय."

आत्याबाईंना हसू आलं, ते त्यांनी तांदळात लपवलं. मामंजींनी पेपर उघडला. "आणि हात लावून काय कळतं रे तुला? कान दिलेत की देवानं."

"कान फसतोय, साहेब. आवाज घरभर फिरतोय, इथं मारला की तिथं ऐकू येतंय. हाताला बरोबर घावतंय कुठं मारतोय ते." त्यानं पिशवी उचलली. "आधी लेकराच्या खोलीची बाजू करतो. मग ओट्याखालचं. मग पंपाचं प्रेशर उतरवतो."

"प्रेशर उतरवायचं नाही," मामंजी पेपरमागून म्हणाले.

मल्लाप्पा मागच्या बोळात गेला. शिडी भिंतीला लागल्याचा, खिळे उपटल्याचा आवाज येत राहिला. खिडकीतून त्याचे नुसते पाय दिसत होते. सहा क्लॅम्पपैकी चार सैल निघाले. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, एकेक पट्टी पाइप आणि भिंत यांच्यामध्ये घातली आणि वरून क्लॅम्प आवळले. तासभर गेला असेल. मामंजी दर दहा मिनिटांनी खिडकीतून डोकवायचे. "पट्टी लावतोय! पंक्चरवाला आणलाय का आपण?" मल्लाप्पा वरून "व्हय साहेब" म्हणायचा. त्याच्या त्या शांत होकारात इतका तिरस्कार होता, की मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले.

तो आत आला, हात पुसले आणि म्हणाला, "बघू आता. मी वाजवतो. तुम्ही खोलीत थांबा."

समरला मी पलंगावर ठेवलं होतं. जागा होता तो. उताणा पडून उजव्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होता आणि ती जमत नव्हती म्हणून स्वतःशीच हसत होता. आत्याबाई दारात. मामंजी खुर्चीत. मी पलंगाच्या पायथ्याशी.

धाड्!

आवाज तसाच होता. कदाचित थोडा कमी. पण ओट्याखालचा पाइप अजून मोकळाच होता आणि स्वयंपाकघरातलं दार उघडं होतं. मामंजींच्या हातातला पेपर हलला. आत्याबाईंच्या पापण्या मिटल्या. माझे खांदे वर गेले.

समरनं अंगठा धरला. तोंडाशी आणला. निसटला. परत हसला.

"अरे, हे काय केलंस तू?" मामंजी ओरडले. "आवाज आहे तसाच आहे! तासभर काय शिडीवर झोपा काढल्यास?"

"आवाज ओट्याखालचा राहिलाय साहेब, ते आता करतो," मल्लाप्पा तिकडून म्हणाला. "भिंतीला हात लावून बघा. भिंत मेली."

मी समरकडं बघत होते.

"मल्लाप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुणाचा तरी वाटला. "परत वाजवा."

"बाई, मी बंद करायला आलोय."

"वाजवा."

धाड्! समर छताकडं बघत होता. धाड्! त्यानं पाय सोडला आणि पंख्याच्या पात्यांकडं हात केला. पंखा बंद होता, तरी त्याला तो आवडायचा.

"बघा, सवय झाली त्याला," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघत परत म्हणाल्या, "खेळात आहे. खेळात असलं की पोरांना काही सुधरत नाही."

"पोराला कशाला छळतीस?" मामंजी म्हणाले. "वेड लागलंय का?"

मी त्यांच्याकडं वळले नाही. खिडकीशी गेले. "मल्लाप्पा, बोळात या. हातोडीच्या दांड्यानं या भिंतीवर एकदा ठोका. हळू. आम्हाला ऐकू नाही आलं तरी चालेल."

तो आला. माझ्या तोंडाकडं त्यानं क्षणभर पाहिलं आणि त्याला कळलं.  त्यानं हातोडी उलटी धरली आणि पलंग टेकला होता त्या जागी बाहेरून दांडा टेकवल्यासारखा मारला.

थप्. रस्त्यावरून रिक्षा गेली असती तर तेवढंही ऐकू आलं नसतं.

समर दचकला. मुठी उघडल्या, हात हवेत गेले, ओठ बाहेर आला.

"बघ—" आत्याबाई सवयीनं म्हणाल्या. आणि तो शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला. तांदळाचं ताट त्यांनी खाली ठेवलं.

 मी समरला उचललं नाही. तो रडायच्या बेतात होता आणि मी त्याला उचललं नाही, कारण मला वाटलं, उचललं की हे लोक परत काहीतरी बोलतील, सर्दी झाली असेल, दात येत असतील, आणि मी परत ऐकून घेईन. तीन महिने मी ऐकूनच घेत होते. त्यांना एकट्यांना काय दोष द्यायचा! भिंत हलली की पलंग हलायचा, पलंग हलला की पोर हलायचं. एवढी साधी गोष्ट. ती त्या शहाण्या माणसाला दिसली नव्हती आणि मला, त्याच्या आईला, ती बघायची नव्हती.

मामंजी उठले. मला वाटलं, आता ओरडतील. ते पलंगापाशी आले, खाली वाकले आणि त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर उजवा तळवा ठेवला. सकाळपासून मल्लाप्पाची ज्यावरून टिंगल चालली होती, अगदी तसाच.

"ठोक," ते खिडकीकडं बघत म्हणाले.

थप्.

"आता नळ वाजव."

मल्लाप्पा बोळातून फेरी मारून आत गेला. धाड्! मामंजींची मान जराशी हलली. तळवा हलला नाही.

"परत भिंत."

थप्. समर दचकला.

"परत नळ."

असं त्यांनी चार वेळा केलं. चारही वेळा समरनं तेच उत्तर दिलं. मग त्यांनी तळवा दांडीवरून काढला, धोतराला पुसला आणि कुणाकडं न बघता अंगणात निघून गेले. तीस वर्षं मशिनींत काढलेल्या माणसाला पाचव्यांदा बघायची गरज नव्हती.

मी समरला घेतलं. त्यानं कपाळ माझ्या गळ्याला लावलं आणि हुंदका अर्ध्यावर टाकून दिला.

"हे बघ सारिका," आत्याबाई जवळ आल्या. आवाज एकदम खाली आणला होता त्यांनी. "रविवार होऊ दे. माणसं यायची आहेत. आत्ता कुठं काही बोलू नकोस. सोमवारी बघू. एवढ्यानं काय होतंय?"

"तुम्ही खीर करा, आत्याबाई," मी म्हणाले. "चाळीस माणसांची करा. ज्याला खायची आहे तो असेल तर चारा, नसेल तर तुम्ही खा."

सात वर्षांच्या संसारात मी त्यांना असं एकदाही बोलले नव्हते. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला दया आली नाही. येईल असं वाटत होतं, पण आली नाही.

संग्रामला फोन लावला. मी सगळं सांगितलं. तिकडं मशिनींची घरघर चालली होती. "आईला विचारलंस का?" तो म्हणाला. मी फोन ठेवला.

समरला कुंची घातली. पिशवीत दुपटी, पाण्याची बाटली, जन्माचा कागद. मिरजेतल्या कानाच्या डॉक्टरचा पत्ता तीन महिन्यांपूर्वी पेपरातून कापून कपाटात साडीच्या घडीखाली ठेवला होता, तो काढला. काढायची गरज नव्हती, पाठ झाला होता.

स्वयंपाकघरात मल्लाप्पा ओट्याखाली वाकून बसला होता. मला बघून बाहेर आला.

"बाई, हे ओट्याखालचं बसवू का राहू दे?"

"बसवा. आणि पंपाचं प्रेशर उतरवा."

"साहेब नको म्हणालेत."

"उतरवा."

त्यानं मान हलवली. मग समरच्या कुंचीकडं बघत म्हणाला, "हाताला घावलंय म्हणजे लवकर घावलंय, बाई. लेकरू लहान आहे अजून. जा तुम्ही."

रिक्षास्टँड चौकात होतं. ऊन चढलं होतं. पदर समरच्या डोक्यावर धरून मी झपाझप चालले होते, तेवढ्यात मागून स्कूटर आली आणि माझ्या पुढं जाऊन आडवी थांबली. मामंजी. डोक्याला टोपी, अंगात घरातलाच सदरा, पायात चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या.

"बस."

"मी एसटीनं जाते."

"एसटीत लेकरू कोंडून न्यायचं? अक्कल आहे का? बस."

"दवाखाना कुठं आहे माहितीये तुम्हाला?"

"तुला माहितीये?"

मी पत्ता म्हणून दाखवला. गल्ली, मजला, कोणत्या वारी डॉक्टर बसतात, किती ते किती. सगळा. न अडखळता.

मामंजींनी नजर हँडलकडं वळवली. "कधीपासून पाठ आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

त्यांनी किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही, दुसऱ्या, तिसऱ्यालाही नाही; एरवी त्यांनी स्कूटरच्या कारखान्याचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते नुसती किक मारत राहिले. अंकलीच्या पुलावर मागून एका ट्रकनं कर्कश भोंगा दिला आणि आम्ही दोघंही दचकलो. मामंजींनी मान वळवून समरकडं पाहिलं. तो माझ्या खांद्यावरून कृष्णेचं पाणी बघत होता, तोंडात मूठ घालून, मजेत.

पुढचं सगळं, तपासण्या, कानाचं मशीन, ऑपरेशन, पुण्याच्या फेऱ्या, पहिल्यांदा त्यानं हाकेला मान वळवली तो दिवस, ते मी पुष्कळांना सांगितलंय आणि ते ऐकायला लोकांना आवडतंही. मला मात्र आठवते ती मिरजेच्या दवाखान्यातली अरुंद खोली, निळा पडदा आणि आमच्यासमोर बसलेली ती माझ्याच वयाची डॉक्टरीण. तिनं समरच्या मागून घुंगरू वाजवलं, डबा वाजवला, टाळी वाजवली. मग कागद पुढं ओढला. चेहरा तिनं नीट सांभाळला होता. म्हणूनच मला कळलं.

"मशीनवरची तपासणी तो झोपल्यावर करू," ती म्हणाली. "तुम्हाला शंका कधी आली?"

"तिसऱ्या महिन्यात."

तिची लेखणी थांबली. "मग आता सहावा संपत आलाय. एवढे दिवस काय करत होता? या वयात एकेक महिना महत्त्वाचा असतो, ताई. शिकलेल्या दिसता तुम्ही."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. नळ वाजवत होते, असं सांगणार होते बहुतेक.

"तिला बोलू नका," मामंजी म्हणाले.

ते दाराशी उभे होते. टोपी हातात घेतली होती त्यांनी. आवाज मात्र घरातलाच होता. चढा, खरखरीत, समोरच्याला काडीची किंमत न देणारा.

"ती रोज सांगत होती. घरात एक शहाणा माणूस आहे आमच्या. तीस वर्षं फोरमन होता. त्याला सगळं कळतंय. त्यानं येऊ दिलं नाही तिला."

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. समजावून सांगावं लागेल त्यांना."

"आणलाय," मामंजी म्हणाले. "सांगा."